मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग विमानात नेमके तास किती?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही सांगलीला राहतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझे यजमान मुंबईहून न्यूयॉर्कला आणि तेथून न्यू जर्सीतील एडिसनला मुलीकडे जाणार आहोत. परतीचा प्रवास फेब्रुवारीच्या मध्यावर आहे. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. यजमानांनी सत्तरी ओलांडली असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना एका जागी दोन तासांहून अधिक बसवत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी विमानात सलग किती वेळ काढावा लागेल हे मला नीट समजून घ्यायचे आहे. मी टपाल खात्यात तीस वर्षे हिशेबाचे काम केले, पण या प्रवासाचा हिशेब काही केल्या जुळत नाही.

अंतर सगळीकडे १२,५४० किलोमीटरच्या आसपास दिलेले आढळले. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर १४ तासांच्या आत पोहोचायला हवे. मुलीने पाठवलेल्या वेळापत्रकात मात्र थेट विमान मुंबईहून रात्री १.३० वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता न्यूयॉर्कला उतरते, म्हणजे घड्याळाप्रमाणे अवघे साडेसहा तास; आणि परतीचे विमान दुपारी १२ वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता मुंबईत उतरते, म्हणजे पंचवीस तास. दोन्हीकडच्या वेळेत साडेनऊ तासांचा फरक आहे असे मुलगी म्हणते. तो हिशेबात घेतला की जाताना १६ तास आणि येताना साडेपंधरा तास येतात, पण परतीच्या विमानापुढे तर १४ तास ३० मिनिटे असे छापलेले आहे. मधला एक तास गेला कुठे? शिवाय अंतर तेच असताना जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक का पडावा?

दुसरा पर्याय लंडनमार्गे आहे आणि तो स्वस्तही आहे. मुंबईहून रात्री २.३० वाजता निघायचे, सकाळी ७.४५ ला लंडन, तेथून ११ वाजताचे विमान आणि दुपारी २ वाजता न्यूयॉर्क. एकूण प्रवास २१ तासांचा दाखवला आहे. नकाशात लंडन पुष्कळ वर आहे आणि न्यूयॉर्क त्याच्या बरेच खाली, त्यामुळे हे पाच तास त्या वळशातच जात असणार, असे यजमानांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.


प्रतिसाद : पृथ्वीगोल

ताई, आपल्या यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण भूगोल शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत हीच शंका दर वर्षी कोणीतरी विचारत असे आणि तिचे उत्तर फळ्यावर कधीच पटत नसे. ते पटवायला पृथ्वीचा गोल आणि हातभर दोरा लागतो.

भिंतीवरचा नकाशा गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून काढलेला असतो आणि हा ताण उत्तरेकडे जावे तसा वाढत जातो. त्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरियाचे वाळवंट आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. ती दिसायला सरळ असते, पण तिची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. आता शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरे टोक न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. ढिला असताना तो अरबस्तानावर पडलेला असेल. ताण दिला की तो आपोआप वर सरकू लागतो आणि जिथे थांबतो तोच सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलात त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. मुंबईहून तो पश्चिमेला जातच नाही. उत्तरेकडे झुकत कच्छच्या रणावरून सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तान गाठतो, तुर्कमेनिस्तान व पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोजवळून जातो, पुढे हेलसिंकी, नॉर्वेतील ट्रॉण्डहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडातील लॅब्रॉडॉर असा उतरत न्यूयॉर्कला येतो. वाटेत तो ६४ अंश उत्तर अक्षवृत्ताच्याही पलीकडे जाऊन येतो. गोलावर हा दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. तेच आपले १२,५४० किलोमीटर.

आता लंडन पाहा. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४०, बेरीज १२,७४०. म्हणजे लंडनला उतरून जाण्यात वळसा पडतो तो जेमतेम दोनशे किलोमीटरचा, विमानाच्या वेगाने पंधरा मिनिटांचाही नाही. नकाशात लंडन वर दिसते खरे, पण गोलावर ते जवळजवळ वाटेवरच आहे. आपले पाच तास वळशात नव्हे, तर विमान उतरण्यात, थांबण्यात आणि पुन्हा उडण्यात जातात. लंडनच्या विमानतळावरच सव्वातीन तासांचा थांबा आहे.

आपल्या हरवलेल्या तासाचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा एक तास पुढे करतात. आपण ऑक्टोबरमध्ये जाल तेव्हा फरक साडेनऊ तासांचा असेल, पण फेब्रुवारीत परताल तेव्हा तो साडेदहा तासांचा झालेला असेल. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून आपल्या हिशेबात हा अर्धा तास नेहमीच येतो. हिशेब करताना दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे आपले सायंकाळचे ५.३०, त्यातून रात्रीचा १.३० वजा केला की १६ तास. फेब्रुवारीत न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे १०.३०, तेथून दुसऱ्या दिवशी दुपारी १ पर्यंत बरोबर १४ तास ३० मिनिटे. वेळापत्रक आणि आपला हिशेब दोन्ही जुळतात. आपण परतीलाही साडेनऊच धरले, एवढाच फरक.

जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक का, हे या कामातल्या माणसाने सांगितलेले बरे.


प्रतिसाद : उड्डाणपत्रक

मी विमानांच्या मार्गनियोजनाच्या कामात आहे. प्रत्येक उड्डाणाच्या काही तास आधी त्या दिवसाचे वारे, हवामान, विमानाचे वजन आणि उघड्या असलेल्या हवाई हद्दी पाहून मार्ग आखणे हे आमचे रोजचे काम, म्हणून मूळ प्रश्नातील भागाकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

ताशी ९०० किलोमीटर हा आकडा चुकीचा नाही, पण तो विमानाचा हवेतला वेग आहे. हवा स्वतः वाहत असेल तर जमिनीच्या मोजमापाने विमानाचा वेग वेगळाच निघतो. कृष्णेच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको : पात्रात वल्हवण्याचा जोर तोच असला तरी प्रवाहाबरोबर जाणारी नाव आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव एकाच वेळी घाट गाठत नाहीत. लांब पल्ल्याची विमाने नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात आणि उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत नेमक्या त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांच्या मध्यभागी ताशी २०० किलोमीटरचा वेग सहज असतो आणि हिवाळ्यात तो याहून पुष्कळ वाढतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटिकवर मोठे वादळ असताना एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले होते. एरवी त्याला साडेसहा ते सात तास लागतात.

मुंबई–न्यूयॉर्क मार्गावर अख्खा प्रवास अशा वाऱ्यात होत नाही. काही टप्प्यांत वारा समोरून, काही टप्प्यांत बाजूने येतो. समजण्यापुरते असे धरू की प्रत्यक्ष मार्ग १३,००० किलोमीटरचा आहे आणि सरासरी वारा ताशी ५० किलोमीटरचा आहे. जाताना जमिनीवरचा वेग ८५० राहील आणि १५ तास १८ मिनिटे लागतील. येताना तोच ९५० होईल आणि १३ तास ४१ मिनिटे लागतील. वारा फक्त ५० चा असूनही फरक दीड तासाहून अधिक पडला, कारण तो पंधरा-पंधरा तास सतत लागतो. या दोन्ही वेळांत आणखी सुमारे अर्धा-पाऊण तास मिळवावा लागतो. वेळापत्रकातला वेळ आम्ही विमान दारापासून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून पलीकडच्या दारापाशी थांबेपर्यंत मोजतो. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, सुरुवातीच्या चढणीतला कमी वेग आणि उतरताना लागलेली रांग हे सगळे त्यात येते. तुमच्या वेळापत्रकातले १६ आणि साडेचौदा असे जुळतात.

मी १३,००० धरले आणि १२,५४० धरले नाहीत, यालाही कारण आहे. पृथ्वीगोल यांनी दोऱ्याने दाखवलेला मार्ग भूमितीच्या दृष्टीने सर्वांत जवळचा आहे, पण त्या वाटेवर देश आहेत आणि त्यांच्या हवाई हद्दी नेहमी उघड्या नसतात. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे ही मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. तशी वेळ २०१९ मध्येही आली होती आणि तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत हा मार्ग बंद होता. रशियाची हद्द अमेरिकी आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकवरचे आकाशही काही दिवस बंद झाले होते. अशा वेळी मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे जाते आणि तुर्कस्तान, युरोप व ब्रिटन यांच्यावरून अटलांटिकवर येते. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे तिला दिल्लीइतका फटका बसत नाही. दिल्लीच्या विमानांना आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे उतरून मग समुद्र गाठावा लागतो.

अटलांटिकवरसुद्धा मार्ग रोज बदलतो. तेथील आकाशमार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा नव्याने जाहीर होतात, एक संच पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि एक पूर्वेला येणाऱ्यांसाठी. पश्चिमेला जाणारी विमाने जेट प्रवाह टाळण्यासाठी बरेचदा आइसलँड-ग्रीनलँडच्या बाजूने जातात, तर परतणारी विमाने मुद्दाम दक्षिणेला येऊन तोच प्रवाह पाठीशी घेतात. मार्ग काहीसा लांबला तरी वेळ वाचतो. म्हणून "अंतर तेच असताना" हे ताईंचे शब्द काटेकोरपणे पाहिले तर जाताना आणि येताना अंतरही तेच नसते.

यजमानांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगतो. विमानात पट्टा बांधून बसणे सक्तीचे असते ते चढणीची पहिली वीस-पंचवीस मिनिटे, उतरण्याचा शेवटचा अर्धा तास आणि मध्ये हवा खळाळती असेल तेवढा वेळ. बाकी बारा-तेरा तासांत दर तासा-दीड तासाने उठून पाच मिनिटे चालता येते. फक्त त्यासाठी खिडकीची नव्हे, मार्गिकेलगतची जागा घ्या, म्हणजे शेजारच्यांना उठवावे लागणार नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला तर उंची, जमिनीवरचा वेग आणि समोरचा वारा हे तिन्ही आकडे दिसतात. इंधन जळून विमान हलके होत जाते तशी उंची टप्प्याटप्प्याने वाढवतात. निघताना बोइंग ७७७-३०० ईआर या जातीच्या विमानाचे वजन ३५१ टनांपर्यंत असू शकते आणि त्याच्या टाक्यांत १४५ टन इंधन मावते. सुरुवातीला ३१,००० फुटांवर असलेले हे विमान काही तासांनी ३५,००० फुटांवर गेलेले पडद्यावर दिसेल.


प्रतिसाद : गोदाकाठचा वाचक

वरील माहिती उत्तम आहे. माझी एकच शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःहूनच सरकत येत असणार. मग पश्चिमेचा प्रवास लवकर व्हायला हवा. तसे का होत नाही?


प्रतिसाद : पृथ्वीगोल

कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणारी माशी जशी डब्यासकट पुढे जाते आणि मागच्या भिंतीवर आदळत नाही, तसेच विमान उडण्यापूर्वीही पृथ्वीच्या गतीने फिरत असते आणि उडाल्यावरही फिरत राहते. पृथ्वीचे फिरणे थेट कामी येत असते तर मुंबईवर हेलिकॉप्टर सहा तास जागच्या जागी तरंगत ठेवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी पोहोचता आले असते.

तरी आपल्या शंकेत एक खरा धागा आहे. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच ती पूर्वेकडे वळते आणि उंचावरचे हे पश्चिमेचे वारे तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासाच्या वेळेवर होतो, पण तो वाऱ्याच्या मार्फत आणि आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेने.


प्रतिसाद : एडिसनकर

काकू, मी एडिसनमध्येच राहतो आणि गेल्या काही वर्षांत आईबाबांना चार वेळा येथे आणले आहे, दोनदा थेट विमानाने आणि दोनदा मध्ये विमान बदलून. त्या अनुभवावरून सांगतो की १६ तास आणि २१ तास यांची तुलना करताना फक्त पाच तासांचा फरक पाहू नये.

विमान बदलताना बसण्याचे तास कमी होत नाहीत. लंडनमार्गे जाताना पहिल्या विमानात पावणेदहा तास आणि दुसऱ्या विमानात आठ तास, म्हणजे एकूण पावणेअठरा तास बसायचेच आहे. मधले सव्वातीन तास पाय मोकळे करायला मिळतात हे खरे, पण त्यातला बराच वेळ दुसऱ्या इमारतीत जाण्यात, पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहण्यात आणि विमानाचे दार शोधण्यात जातो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला बसण्यापेक्षा रांगेत उभे राहणे जड जाते, हे मी बाबांच्या बाबतीत पाहिले. पहिल्या खेपेस आम्ही युरोपातल्या एका विमानतळावर एक तास दहा मिनिटांचा थांबा असलेले तिकीट घेतले होते. मुंबईचे विमान चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले आणि पुढचे विमान डोळ्यांदेखत सुटले. आईबाबांनी पुढचे अकरा तास खुर्च्यांवर काढले. थांबा घ्यायचाच असेल तर तो अडीच ते साडेतीन तासांचा असावा आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. तुमचा लंडनचा सव्वातीन तासांचा थांबा त्या दृष्टीने योग्य आहे. चाकांच्या खुर्चीची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवा. तिच्यामुळे रांगाही वाचतात.

आखातातून येण्याचाही मार्ग आहे. मुंबई ते अबुधाबी जेमतेम तीन तास आणि पुढे सलग चौदा तासांच्या आसपास. तेथे एक सोय अशी आहे की अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशांसारखे थेट बाहेर पडता येते. ज्यांच्याबरोबर कोणी बोलणारे नाही अशा ज्येष्ठांना ती फार उपयोगी पडते, पण एकूण वेळ थेट विमानापेक्षा जास्तच लागतो.

आणि तुमचा खरा प्रवास विमानतळापासून नव्हे, सांगलीपासून मोजा. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर आहे. सकाळी दहाला निघालात तर वाटेत जेवण आणि विसावा धरून रात्री आठपर्यंत विमानतळाजवळ पोहोचाल आणि विमानाच्या तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला, आत असायला हवे. न्यूयॉर्कला सकाळी आठला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि गाडीने एडिसन हे सगळे धरले तर घरी अकरा वाजतील. ते आपले रात्रीचे साडेआठ. दारापासून दारापर्यंत साडेचौतीस तास झाले आणि त्यांतले विमानाचे फक्त सोळा. शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबई किंवा पनवेल गाठून एक झोप काढा. मी आईबाबांना दुसऱ्या खेपेपासून तसेच करायला लावले आणि ते येथे उतरले तेव्हा चेहरे निराळेच होते.


प्रतिसाद : पालखीमार्ग

या चर्चेला थोडी जुन्या काळाची जोड देतो, म्हणजे सोळा तास कशाला म्हणायचे ते लक्षात येईल. एअर इंडियाचे मुंबईहून लंडनला जाणारे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी निघाले. 'मलबार प्रिन्सेस' नावाचे ते चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान होते आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत ते लंडनला पोहोचले. न्यूयॉर्कची सेवा मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने लंडनमार्गे सुरू झाली. मुंबईहून न थांबता न्यूयॉर्क गाठणारी सेवा ऑगस्ट २००७ मध्ये बोइंग ७७७-२०० एलआर या लांब पल्ल्याच्या विमानाने सुरू झाली. १९६० पासून आजवर जेट विमानाचा वेग जवळपास तेवढाच राहिला आहे. वेळ वाचला तो एका टाकीत मावणाऱ्या इंधनामुळे आणि गाळलेल्या थांब्यांमुळे. पृथ्वीगोल यांनी लंडनच्या वळशाबद्दल जे सांगितले, त्याचाच हा दुसरा पुरावा आहे.

आज याहूनही लांब उड्डाणे होतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर विमान न थांबता साडेअठरा तासांच्या आसपास कापते.


प्रतिसाद : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने आणि सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

पृथ्वीगोल सर, आज दुपारी शेजारच्या शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. आमच्याकडे गजऱ्याचा पांढरा दोरा होता, तोच घेतला. यजमानांनी मुंबईवर बोट ठेवले आणि मी न्यूयॉर्कपाशी दोरा ओढला. तुम्ही म्हणालात तसा तो अरबस्तानावरून सरकत सरकत रशियावर गेला आणि आइसलँडवर जाऊन स्थिरावला. पट्टीवर मोजला तर एकोणतीस सेंटिमीटर आणि वर पाच-सहा मिलिमीटर भरला. मग दोरा लंडनवरून वळवून पुन्हा मोजला, तर अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक पडला. यजमान बराच वेळ गोलाकडे पाहत राहिले आणि त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले.

हिशेबही पुन्हा मांडला. जाताना साडेनऊ आणि येताना साडेदहा तासांचा फरक धरल्यावर दोन्ही वेळा मिनिटासकट जुळल्या. लंडनच्या वेळाही अशाच भारतीय वेळेत आणून पाहिल्या : रात्री २.३० ते न्यूयॉर्कचे दुपारी २, म्हणजे आपले रात्रीचे ११.३०, बरोबर २१ तास. थेट विमानात सलग सोळा तास बसावे लागेल याची मला धास्ती होती, पण लंडनमार्गेही पावणेअठरा तास बसायचेच आहे हे एडिसनकर यांनी दाखवून दिल्यावर निर्णय सोपा झाला. थेट विमानाचे तिकीट काढत आहोत. मार्गिकेलगतच्या दोन जागा आणि चाकांची खुर्ची यांची नोंद मुलगी आजच करणार आहे.

जाण्याच्या आदल्या रात्री पनवेलला भाच्याकडे मुक्काम करू. फेब्रुवारीत दुपारी एकला मुंबईत उतरून त्याच रात्रीच्या गाडीने सांगलीला निघण्याचा बेत होता, तोही बदलला असून येतानाही एक रात्र पनवेललाच थांबणार आहोत. यजमानांचे मनगटी घड्याळ पूर्ण प्रवासभर भारतीय वेळेवर ठेवायचे आणि माझे विमानात बसल्याबरोबर न्यूयॉर्कच्या वेळेवर लावायचे, असे आमचे ठरले आहे.